पाठीमागे बांधलेले हात

दुपारचे सव्वातीन वाजलेत आणि माझी फायनल साडेचारला आहे. स्टेडियमच्या गॅलरीखाली जुन्या, फाटक्या मॅट टाकून ठेवतात, तिथे मी आडवी झाले आहे. डोळ्यांवर टॉवेल, उजवा हात शेजारच्या पोलवर. पोलच्या मुठीला आत्ताच नवी पांढरी टेप गुंडाळली आहे, तिचा चिकटपणा तळव्याला लागतोय. ही माझी जुनी खोड. स्पर्धेच्या दिवशी पोलवर हात ठेवल्याशिवाय माझा डोळा लागत नाही. मोमीन सर म्हणतात, "एवढा घट्ट नवऱ्याचा हात तरी धरलायस का कधी?"

मोमीन सर म्हणजे माझे कोच. शाळेत ते आमचे पी.टी.चे शिक्षक होते, तेव्हापासून बावीस वर्षं ते माझ्यामागे आणि मी त्यांच्यामागे. आता त्यांचे गुडघे गेलेत आणि मी पस्तिशीची झाले आहे. पोल व्हॉल्टमध्ये पस्तिशी म्हणजे म्हातारपणच. देशात सात वेळा पहिली आले, पुष्कळ झालं. आजची स्पर्धा शेवटची. "पाऊण तासानं उठवतो," म्हणून सर चहाला गेलेत.

लाउडस्पीकरवर भालाफेकीच्या मुलींची नावं पुकारतायत. एक नाव पूर्ण ऐकू येतं, दुसरं अर्धं, तिसऱ्याचा नुसता आवाज. मग एक वास येतो. ओल्या, नुकत्याच फोडलेल्या बांबूचा. इथे बांबू कुठला, असं मनात म्हणते आहे तोवर कोणीतरी बोलतं.

"पायाखाली ढलप्या हायत. बघून ये."

मी टॉवेल काढते. मी उभी आहे, उठल्याचं आठवत नाही, आणि पोल माझ्या हातात आहे. समोर रनवे, लाल, लांबच लांब. त्याच्या कडेला उकिडवे बसून तात्या बांबू फोडतायत. माझे वडील. अंगात बंडी, मांडीवर गोणपाटाचा तुकडा. ते वारले त्याला चौदा महिने झालेत हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी माझ्या तोंडून पहिल्यांदा निघतं ते असं:

"तात्या, कवा आलासा? जेवलासा का?"

"जेवन ऱ्हाऊ दे. तुझा नंबर कवा हाय?"

"साडेचारला."

"मग टाइम हाय."

ते बांबूच्या बुडख्याला कोयता लावतात, एक टोला देतात, आणि बांबू पेरापेरानं उकलत जातो. त्यांच्या उजव्या अंगठ्यावर मधोमध उभी चीर आहे, कोयत्यानं पडलेली, मी जन्मायच्या आधीची. बांबूला विस्तवावर शेक देऊन देऊन त्या चिरेत काजळी बसली ती बसलीच. सणावारी आई तो अंगठा लिंबानं घासायची, दुसऱ्या दिवशी परत काळा. मी त्या अंगठ्याकडे बघत राहते. अगदी तसाच आहे.

"बघा, नवी टेप लावलीय," म्हणून मी पोल त्यांच्यापुढे करते.

तात्या कोयता खाली ठेवतात. उठतात. दोन्ही हात पाठीमागे नेऊन एकमेकांत अडकवतात, मान पुढे काढून टेप बघतात आणि लांबूनच म्हणतात, "झ्याक हाय."

तिकडे गेले तरी हात पाठीमागेच.

"बसा की, तात्या."

"बसतो." पण बसत नाहीत.

त्या हातांची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर मी अशी कासावीस का होते ते कळायचं नाही. आम्ही कऱ्हाडच्या बुरूड आळीतले. सुपं, दुरड्या, शिड्या, तट्टे हा घरचा धंदा. लग्नाची सुपं न्यायला लोक लांबच्या गावांहून तात्यांकडे यायचे. केदारी बुरडाचा हातगुण चांगला, त्याच्या हातचं सूप घरात आलं की घर भरतं, असं म्हणायचे. मी सातवीत असताना पोरांशी पैज लावून आळीतलं मोठं गटार बांबूच्या आधारानं उडत होते. मोमीन सरांनी ते पाहिलं, आणि मला ओरडायचं सोडून सरळ तात्यांच्या दारात येऊन बसले.

आणि आता रनवेवर पाऊल टाकते तर ती आमची आळीच आहे. दोन्ही बाजूंना बांबूच्या मोळ्या भिंतीला टेकवलेल्या. पुढे मारुतीच्या पारापाशी रनवे संपतो आणि तिथे लँडिंगच्या मॅटच्या जागी पोत्यांचा ढीग आहे. सरांनी तेव्हा विचारलं होतं, "केदारी, तुझी पोरगी हवेत थांबतीया. शिकवू का तिला?" तात्या म्हणाले, "हवेत थांबंल, पर खाली येईल तवा लागंल की तिला." त्यांनी आठ दिवस बसून बावीस पोत्यांत बांबूच्या ढलप्या आणि भुसा भरला. तीच ही पोती. पहिल्या वर्षी माझ्या अंगाला इतकी खाज सुटायची की आई मला रोज खोबरेल चोळायची.

पोलही तात्यांनीच दिला. माणगा बांबू, आतून भरीव, सरळसोट. अंधाऱ्या पक्षात तोडलेला, म्हणजे कीड लागत नाही. तुसाच्या विस्तवावर शेक देऊन, करंजाचं तेल चोळून, दोन खुंट्यांत दाबून त्याचा उरलासुरला बाक काढलेला. मी उडी मारायचे तेव्हा ते बाजूला उभे राहायचे. पोल व्हॉल्टमध्ये वर गेल्यावर हातातला पोल सोडून द्यावा लागतो, आणि सरावात तो खाली पडायच्या आत कोणीतरी झेलायचा असतो. ते काम तात्यांचं. दरवेळी, मी धावायला लागायच्या आधी ते एकच वाक्य बोलायचे. "वरचं तू बघ, खालचं मी बघतो." एकदाही त्यांनी पोल जमिनीला लागू दिला नाही.

"आठवतं का तात्या?" मी पोत्यांकडे बोट करते.

"न आठवायला काय झालं? ढलप्या वल्या हुत्या तवा. तुझं आंग सुजलं हुतं."

"तुम्ही पोल कसला झेलायचासा."

तात्यांचे हात पाठीमागे तसेच. कुठेतरी गाडीची शिट्टी होते आणि पारापाशी रेल्वेचा डबा उभा असतो.

तो डबा मी ओळखते. बाहेरून खिडकीच्या गजांना चिंध्यांनी बांधलेला माझा पहिला फायबरचा पोल. तेरा फुटांचा पोल डब्याच्या दारातून आत वळत नाही, म्हणून आम्ही पोल व्हॉल्टवाले तो असा खिडकीबाहेर बांधतो आणि प्रत्येक स्टेशनवर उतरून गाठी तपासतो. मी एकोणीस वर्षांची आहे. ज्युनिअर संघाच्या निवडीला चालले आहे. त्यात निवडले गेले तर विमानातून परदेशी. खिडकीबाहेर प्लॅटफॉर्मवर तात्या उभे आहेत, आनंदानं तोंड फुललेलं.

"सरळ केलाय बघ त्यो," ते खिडकीतून म्हणतात. "एकदम सुतात."

मला त्यांचं तोंड बंद करावंसं वाटतं, मागे जाऊन सगळं थांबवावंसं वाटतं, पण गाडी चालायला लागलेली असते.

झालं होतं ते असं. फायबरच्या पोलला जन्मतःच थोडा बाक असतो. त्या बाकाच्या अंगानंच तो वाकतो आणि आपल्याला वर फेकतो. सरांनी हे मला सांगितलं होतं, मी तात्यांना सांगितलं नव्हतं. त्यांना कशाला सांगायचं, बांबूतलं त्यांना काय कमी कळतं, असंच काहीसं असणार मनात. निघायच्या दिवशी सकाळी मी पळायला गेले होते. तात्यांनी भिंतीला टेकवलेला पोल पाहिला, एक डोळा मिटून त्याच्यावरून नजर टाकली, आणि त्यांना वाटलं की लेकीला कोणीतरी वाकडा बांबू गळ्यात मारलाय. त्यांनी तूस पेटवलं. शेक दिला. करंजाचं तेल चोळलं आणि दोन खुंट्यांत दाबून ठेवला. त्यांच्या दृष्टीनं त्यांनी मला देता येईल ते सगळ्यात चांगलं दिलं. जगात दुसरा कुठलाही बाप ही चूक करू शकला नसता.

तिसऱ्या उडीला पोल माझ्या हातात फुटला. बंदुकीसारखा आवाज झाला. मी पोल रोवायच्या पेटीत तोंडघशी पडले आणि डावं मनगट मोडलं. सरांनी फुटलेला तुकडा उलटा करून बघितला. तपकिरी भाजल्याचा डाग होता, आणि तेलाचा वास. सरांनी काही सांगायची गरजच नव्हती, तो वास मी लहानपणापासून ओळखते.

घरी आले ती प्लास्टरातला हात घेऊन. तात्या दारात तट्टा विणत होते, मला बघून धडपडत उठले, माझी बॅग घ्यायला पुढे आले. मी म्हणाले, "तात्या, ह्याच्यापुढं माझ्या कशालाही हात लावायचा न्हाई."

ते म्हणाले, "बरं."

एवढंच. मी रागात बोलले होते. राग उतरला तसं ते वाक्यही गेलं. पंधरा दिवसांत मी त्यांच्या ताटातली भाकरी मोडून खात होते. मनगट जुळलं, नवा पोल आला, पुढच्या वर्षी मी पहिल्यांदा देशात पहिली आले. त्या वाक्याची मला आठवणही राहिली नाही, शपथेवर सांगते.

गाडीचा डबा आता मांडवासारखा झाला आहे. समोर स्टेज, हार, नारळ, माझा सत्कार. हा कोणता सत्कार ते कळत नाही, सगळे एकत्र झालेत. मोठी ढाल मध्ये ठेवली आहे आणि फोटोसाठी सगळ्यांनी तिला हात लावलाय. नगराध्यक्ष, सर, आई, शेजारपाजारचे, ज्यांनी मला कधी उडी मारताना पाहिलंही नाही असे लोक. तात्या कडेला उभे. हात पाठीमागे. आमच्या घरी असे अकरा फोटो आहेत आणि अकराही फोटोंत ते तसेच उभे आहेत. मला वाटायचं, काय रुबाब आहे म्हाताऱ्याचा! मी मैत्रिणींना दाखवायचे, बघा आमचे तात्या, एखाद्या इनामदारासारखे उभे राहतात.

सरावाला यायचे पण पोल झेलायचे नाहीत. सर झेलायचे. मला वाटलं, फायबर नाजूक म्हणून घाबरत असतील. स्पर्धेवरून आले की बॅग उचलायला पुढे व्हायचे नाहीत. वाटलं, कंबर धरली असेल. माझी मुक्ता झाली तेव्हा त्यांनी तिच्यासाठी सूप विणलं. बाळाला पहिल्यांदा नव्या सुपात निजवायची आमच्याकडे रीत आहे. इतकं बारीक, देखणं सूप मी पाहिलं नव्हतं. ते सूप त्यांनी आईच्या हाती दिलं आणि उंबऱ्याबाहेर उभे राहिले. "घ्या की तिला," म्हटलं तर म्हणाले, "दिसत न्हाय नीट. हातनं पडायची." आणि आम्ही सगळे हसलो.

ते गेले तेव्हा मी दक्षिणेत स्पर्धेला होते. पोचले तोवर सगळं उरकलं होतं. तेराव्या दिवशी आई त्यांच्या बंड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "मुक्तीला एकदा तरी उचलून घ्या, म्हनून लई मागं लागले मी. तर म्हनले, वैजूनं सांगितलंय, तिच्या कशाला हात लावायचा न्हाई. माझ्या हाताला आता गुण ऱ्हायला न्हाई."

"मी कधी सांगितलं?"

आईनं माझ्याकडे बघितलं. "पलास्टर घिऊन आलीस तवा. मला वाटलं, तुला ठावं हाय. बापलेकीचं तुमचं तुमचं काय ते आसंल."

पंधरा वर्षं. चौदा महिने मी ह्या एका आकड्याबरोबर राहते आहे.

"कशाला रडतीस?" तात्या विचारतात.

आम्ही घरात आहोत. सारवलेली जमीन, मध्ये सूप, सुपात मुक्ता, नऊ दिवसांची, मुठी आवळून झोपलेली. माझा पोल छपराला टेकवून उभा आहे. तात्या उंबऱ्याच्या पलीकडे. मी सूप उचलून त्यांच्यापुढे धरते.

"घ्या तिला."

"नको."

"तात्या, घ्या म्हणते ना."

"तू म्हनली हुतीस, हात लावायचा न्हाई." आवाजात राग नाही, तक्रार नाही. कोणी काम सांगितलं आणि ते नीट केलं, तसं ते सांगतात.

"मी ते विसरले होते."

"काय?"

"विसरले होते, तात्या. त्याच महिन्यात. तुम्ही गेल्यावर आईनं सांगितलं तेव्हा आठवलं."

तात्या माझ्याकडे बघत राहतात. मला त्यांच्या पाठीमागच्या हातांची बोटं दिसत नाहीत, पण खांदे दिसतात, ते खाली येतात.

"म्हंजी तू मनात धरलं न्हवतंस?"

"नाही."

"येवढी वर्सं?"

"नाही, तात्या. एक दिवसही नाही."

"आन् मी आपला..." ते हसायला जातात, पण ते काही जमत नाही. "तू मेडल घिऊन आलीस की मी दारातच हुबा ऱ्हायाचो. वाटायचं, आज म्हनंल. आज म्हनंल, तात्या, घ्या हातात, बघा किती जड हाय. मग तू ते आईच्या गळ्यात घालायचीस. मी म्हनायचो, ऱ्हाऊ दे, आजून राग गेला न्हाई पोरीचा. फुडल्या टायमाला म्हनंल."

सात वेळा मी मेडल घेऊन आले. सात वेळा तो माणूस दारात उभा होता, आणि मी त्याच्या शेजारून आत गेले.

"एकदा विचारायचं तरी होतंसा!"

"व्हय. मी बी येडाच. इचारायचं हुतं. पर इचारलं आसतं आन् तू न्हाई म्हनली आसतीस, तर मग काय केलं आसतं गं मी?"

मी सूप खाली ठेवायला वाकते, तर सूप रिकामं आहे आणि जमीन लाल आहे. पुन्हा रनवे. छपराला टेकवलेला पोल माझ्या खांद्यावर आलाय.

"आता म्हणते, तात्या. हात लावा. सगळ्याला लावा."

"आता काय उपेग हाय, बाय."

"आहे. मला आहे."

लाउडस्पीकर खरखरतो. वैजयंता केदारी साळुंखे. नाव पुन्हा पुकारतात. तात्यांची मान त्या बाजूला वळते, लेकीचं नाव ऐकलं की बाप जरा ताठ होतो तसे ते ताठ होतात. त्यात त्यांचंच नाव आहे, हे त्यांच्या ध्यानात यायला क्षणभर लागतो.

"जा. नंबर आला."

"तुम्ही थांबणार?"

"वरचं तू बघ," ते म्हणतात.

मी पुढच्या अर्ध्या वाक्याची वाट बघते. ते बोलत नाहीत. हात पाठीमागे बांधून पेटीच्या बाजूला, पूर्वी उभे राहायचे त्याच जागी जाऊन थांबतात. मी पोल उचलते. माझी धाव चौदा पावलांची. तात्या ती पावलं बांबूच्या पेरांसारखी मोजायचे, बुडख्यापासून शेंड्यापर्यंत. मी धावते. पावलांचा आवाज येत नाही, नुसता माझा श्वास ऐकू येतो. बारा, तेरा, चौदा. पोल पेटीत बसतो, वाकतो, मला उचलतो, आणि मी पाय वर करून उलटी होते.

बार ओलांडताना पोट बारकडे असतं आणि तोंड खाली, आले त्या वाटेकडे. माझ्या सगळ्या कारकिर्दीत ह्या एका घटकेसाठी मी उड्या मारल्या, कारण तेवढा वेळ खालचं सगळं स्पष्ट दिसतं. आता दिसतं ते असं. मी पोल सोडला आहे. तो एकटा, सरळ उभा आहे. मग हळूहळू मागे कलतो. खाली तात्या मान वर करून त्याच्याकडे बघतायत. हात पाठीमागे. पोल अजून कलतो. मला ओरडायचं आहे पण हवेत आवाज फुटत नाही. पोल डोक्याएवढ्या उंचीवर येतो, छातीएवढ्या.

तात्यांचे हात सुटतात.

ते दोन पावलं पुढे येतात आणि झेलतात. दोन्ही हातांनी, नेमका मुठीपाशी, जमिनीपासून वीतभर वर. बार राहिला की पडला ते मी बघत नाही. तात्या पोल छातीशी धरून उभे आहेत. मग सवयीनं तो आडवा धरतात, एक डोळा मिटतात, टेपवर अंगठा टेकवून पोलवरून नजर टाकतात. कपाळाला आठ्या पडतात.

"वैजू," ते वर ओरडतात, "ह्यो बी वाकडाच हाय की गं!"

मला हसू फुटतं, रडता रडता. "तो असाच असतो, तात्या!"

तात्या पोलकडे पुन्हा बघतात. जरा विचार करतात. "मग ऱ्हाऊ दे," म्हणतात.

मी खाली यायला लागते. पोती येत नाहीत, मॅट येत नाही, मी येतेच आहे.

"वैजयंता. अगं ए, ऊठ. चार वाजले."

मोमीन सर माझा खांदा हलवतायत. टॉवेल बाजूला पडलाय, कानात पाणी गेलंय, डोळ्यांतलं. गॅलरीच्या फटीतून ऊन मॅटवर आलंय. लाउडस्पीकरवर बायकांच्या पोल व्हॉल्टची पुकार चालू आहे. सरांच्या हातात कागदी कप आहे, माझा चहा गार झालेला.

"झोपलीस ती काय मेल्यासारखी. चल, गुडघ्याला पट्टी बांध." ते कप ठेवतात आणि पोलकडे बघून कपाळाला हात लावतात. "झालं! तासाभरापूर्वी लावलेली टेप. काय माखलंस हे? काढ, दुसरी लावू."

मी बघते. पांढऱ्या टेपवर, माझी मूठ बसते त्याच्या बोटभर खाली, एक काळा ठसा आहे. काजळीचा. अंगठ्याचा. मी माझे दोन्ही हात उलटे करून बघते, स्वच्छ आहेत. ठशात रेषा आहेत, आणि मधोमध, वरपासून खालपर्यंत, एक कोरी उभी चीर.

सर वाकून टेपचं टोक शोधायला लागतात. त्यांची नखं टेपला लागतात आणि मी एकदम उठून बसते, जीव खाऊन ओरडते, "सर, हात ला..."

आणि माझं मलाच ऐकू येतं. मी तोंड मिटते. सरांचा हात जागीच थांबलाय, ते माझ्याकडे बघतायत. सत्तरीचा माणूस, ओरडा खाल्लेल्या पोरासारखा हात मागे घ्यायला लागतो. मी तो हात मनगटाशी धरते आणि ओढून परत पोलवर ठेवते.

"लावा, सर," मी म्हणते. "हात लावा. खुशाल लावा. फक्त तेवढं पुसू नका."

सर चष्मा खाली घेऊन ठसा बघतात. वीस वर्षं ते आमच्या दारात बसून चहा प्याले आहेत, तो अंगठा त्यांनी रोज पाहिला आहे. टेपचं सुटलेलं टोक ते परत दाबून बसवतात. मग पोलचं एक टोक आपल्या खांद्यावर घेतात, दुसरं मी घेते, आणि आम्ही उन्हात बाहेर पडतो.